बोटांना कळत नाही

रस्त्यात गाय दिसली की आमचे डॉक्टर थांबत. मागून बस हॉर्न वाजवत असो, की मीटिंगला उशीर होतोय म्हणून मी ओरडत असो. गाईचा कान उलटा करायचा, आत बोट फिरवायचं, गोचीड सापडला की चिमटीत धरून उपटायचा आणि म्हणायचं, "स्वल्प थांबा की मॅडम, एकच आहे." एकच कधीही नसे.

त्यांचं घराणं बसवनगुडीतलं, पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरूचं. मराठी बोलता बोलता कानडी कधी सुरू झाली, ते त्यांनाही कळत नसे. मी पुण्याहून आलेली, चाचण्यांची व्यवस्था बघणारी. शहरातल्या पीण्या भागात असलेल्या आमच्या प्रयोगशाळेत ते गोचिडांवरची लस तयार करत होते. दुसरं काही त्यांना सुचतच नसे. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. त्यांच्याबरोबर काम करणं सोपं नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

लस मजेशीर होती. टोचायची गाईला, फटका बसायचा गोचिडाला. गाईचं रक्त प्यायला की त्याचं आतडं बिघडायचं आणि मादी अंडी कमी घालायची. "जेवायला बोलावून पोट बिघडवायचं," डॉक्टर म्हणत, "आमच्या मामींसारखं." पण याला वेळ लागतो. लस चालते का हे बघायचं, तर गोचीड गाईच्या अंगावर राहू द्यावे लागतात.

शहराबाहेरच्या एका गावात आम्ही चाचणी लावली. निम्म्या गाईंना लस, निम्म्यांना नुसतंच पाणी. कुठल्या गाईला काय दिलंय, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मालकांना बजावलं होतं: फवारणी नको, हातानं गोचीड काढायचे नाहीत, गाय आजारी दिसली तर लगेच कळवा, आम्ही उपचार करू. हे समजावलं डॉक्टरांनीच. गाव त्यांना 'अण्णा' म्हणे, म्हणून लोकांनी ऐकलं.

पुढे मोजणी विचित्र यायला लागली. एकजात सगळ्या गाई स्वच्छ. निम्म्यांवर तरी गोचीड भरपूर दिसायला हवे होते. मला मालकांचा संशय आला. एका रविवारी न कळवता गावात गेले. पहिल्याच गोठ्यात डॉक्टर उकिडवे बसलेले. शेजारी रॉकेलचा डबा, त्यात गोचीड.

"हे काय चाललंय?"

"स्वल्प थांबा. ही शेवटची गाय."

"अहो, हा नियम तुम्हीच केलात ना?"

"सरी, बरोबर. मीच केला."

"मग कळत नाही तुम्हाला?"

"मला कळतं हो. बोटांना कळत नाही."

मी हसले नाही. गोठ्याची मालकीण जयम्मा मध्ये पडली. "अण्णांना ओरडू नका अक्का. दर रविवारी येतात बिचारे. सगळ्यांच्या घरी जातात."

सगळ्यांच्या! म्हणजे एकाही गाईची मोजणी उपयोगाची राहिली नव्हती. मी वर कळवलं. चाचणी रद्द झाली. लस लागू पडते की नाही, हे कोणालाच कळलं नाही. ज्यानं ती केली त्या माणसालाही नाही.

पुन्हा परवानग्या मिळवण्यात वर्षं गेली. डॉक्टर निवृत्त झाले, गुडघ्यांनी त्यांचं गावाला जाणंही थांबवलं. मग एका उन्हाळ्यात गोचीडतापानं जयम्माची गाय गेली. मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "कान बघितले होते का कोणी?"

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. शोकसभेत सगळे म्हणाले, त्यांचा गाईंवर फार जीव होता. होता ना. तिथंच तर सगळं बिघडलं. मला बोलायचा आग्रह झाला. मी बोलले नाही. माझा राग अजून गेला नव्हता.

यंदा परवानगी मिळाली. तीच लस, तेच गाव. परवा जयम्माच्या नव्या गाईचा कान मी उलटा केला. आत एरंडाच्या बीएवढा गोचीड, रक्त पिऊन टम्म.

"अण्णांनी काढला असता," जयम्मा म्हणाली.

"माहीत आहे."

"एक," मी मोजणी लिहिणाऱ्या मुलीला मोठ्यानं सांगितलं. कान सोडला, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि पुढच्या गाईकडे गेले.