पत्रकावर चिकटवलेली पट्टी

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या नाटकाच्या नायिकेचंही लागायचं. थट्टा नाही, दरवर्षीचा अनुभव. आमच्या नाशिकच्या हौशी मंडळाचे स्पर्धेचे प्रयोग दिवाळीनंतर, म्हणजे ऐन लग्नसराईच्या तोंडावर. कलावंतांच्या नावांचं पत्रक मात्र दसऱ्यालाच छापून तयार असायचं, कारण जाहिरात द्यायला व्यापाऱ्यांचा हात तेव्हाच सैल असतो. सटाण्याचे कांद्याचे आडतदार, द्राक्षावरच्या औषधांचं दुकान, एखादा सराफ. मग दिवाळीच्या फराळाबरोबर मुलीला स्थळ सांगून यायचं, मागोमाग ‘नाटकबिटक आता पुरे’ असा होणाऱ्या सासरचा निरोप यायचा, आणि नायिका गेली.

की माझ्याकडे धाव. मी सरकारी कचेरीत कारकून, तिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, नाशिकरोडच्या बौद्ध वस्तीतून बसने तालमीला येणारी. प्रॉम्प्टर म्हणून कोपऱ्यात बसून सगळ्यांची भाषणं मला तोंडपाठ व्हायची. पहिली निवड माझी का होत नाही हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांनाही ठाऊक होतं, मलाही होतं. ऐनवेळी मात्र माझ्यावाचून अडायचं. अडला हरी, आणि गाढव मी.

मी उभी राहायचे, काम करायचे, टाळ्या घ्यायचे. पण लोक जे पत्रक घरी न्यायचे त्यावर नाव दुसरीचंच. पडदा उघडण्यापूर्वी कुणीतरी माइकवरून बदल जाहीर करायचा, तेव्हा खुर्च्या वाजत असायच्या आणि पोरं रडत असायची. एका वर्षी तर पेपरात तिच्या अभिनयाची तारीफ छापून आली. मी तिकडे घाम गाळत होते तेव्हा ती बिचारी साखरपुड्याला बसली होती. मला राग आला. चांगला सणकून आला, आणि तो उतरू द्यायचा नाही असं मी ठरवलं.

त्याच सुमारास, आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षात, गंगापूर रोडला राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे मी रविवारी जाऊ लागले. सर तरुणपणी शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकले होते. तिथे पोटाला चिमटा काढून त्यांनी नाटकं पाहिली आणि प्रत्येक नाटकाचं प्लेबिल, म्हणजे तिथलं पत्रक, सांभाळून आणलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्याहूनही जुनी विकत घेतली. आता त्यांचे डोळे अधू झाले होते, त्यांना वाचून दाखवणारं कुणी हवं होतं. मला खात्याच्या परीक्षेसाठी इंग्रजी सुधारायचं होतं. दोघांचं जमलं.

सरांच्या ट्रंकेतली सगळ्यात जुनी पत्रकं वाण्याच्या यादीसारखी लांबुळकी होती. एका संध्याकाळी एक शोकनाट्य, मध्ये नाच, शेवटी एक फार्स. थिएटरच्या मालकाचं नाव मोठ्या टायपात, नटाचं त्याहून मोठ्या, आणि लिहिणाऱ्याचं कित्येकदा नाहीच. पुढची पत्रकं घडीची झाली. त्यांत बायकांना टोप्या काढून बसण्याची विनंती असायची. मग लेखक छापून येऊ लागला, मग दिग्दर्शक, मग कपडे करणारी, मग दिवे लावणारा. महायुद्धातल्या पत्रकांवर सरकारी रोखे घ्या म्हणून जाहिरात होती आणि आग लागलीच तर पळू नका, चालत जवळच्या दारातून बाहेर पडा अशी सूचना. सर म्हणायचे, “नाटक संपलं की हवेत जातं. उरतं ते एवढंच.” मला त्या कागदांत एक रांगच दिसायची, कुणाच्या नावाला केव्हा जागा मिळाली त्याची.

एका जुन्या पत्रकावर दर छापले होते. बॉक्सचा अमुक, खालच्या जागांचा तमुक, आणि शेवटच्या ओळीत काळ्या लोकांसाठी वेगळी गॅलरी. मी ती ओळ दोनदा वाचली. घरी जाऊन वडिलांना सांगितलं. वडील तरुणपणी देवळाच्या बंद दारासमोर सत्याग्रहाला बसलेले. ते शांतपणे म्हणाले, “त्यांनी छापून ठेवलं हे बरं केलं. आपल्याकडे छापत नाहीत, नुसतं करतात. मग उद्या म्हणायला मोकळे, असं काही नव्हतंच.” पुढच्या रविवारी सरांनी मला त्यांच्या काळातलं एक प्लेबिल काढायला सांगितलं. त्यात मुख्य भूमिकेत एक काळा नट होता, नाव सगळ्यांच्या वर. दोन्ही कागद मी एकाखाली एक ठेवले.

आणि मग मला ती पट्टी सापडली. एका प्लेबिलातून बोटभर रुंदीचा पांढरा कागद मांडीवर पडला. ‘आजच्या प्रयोगात ही भूमिका या बाई करतील.’ बस, एवढंच छापलेलं. सर म्हणाले, नट आजारी पडला, बदली माणूस उभा राहिला की तिथे प्रत्येक प्रेक्षकाच्या पत्रकात अशी पट्टी घालून देतात. मला त्या अनोळखी बाईचा इतका हेवा वाटला की माझं पुढचं वाचायचंच राहिलं. सरांनी एक लिफाफाही दाखवला. त्यात नुसत्याच पट्ट्या होत्या. कुठल्या कुठल्या पत्रकांतून गळून पडलेल्या, आता त्या कोणत्या नाटकातल्या हे सांगता येत नव्हतं.

त्या वर्षीची आमची नायिका कॉलेजात शिकणारी मुलगी होती, मूळची देवळ्याकडची. काम झकास करायची. दिवाळी झाली आणि तिचं लग्न ठरलं, तेही आमच्या पत्रकाला जाहिरात देणाऱ्या सटाण्याच्या आडतदाराच्या घरात. जाहिरात आणायला दिग्दर्शक गेले ते तालमीचे फोटो घेऊन, आणि आडतदारांनी फोटोतली मुलगी मुलासाठी पसंत केली! दिग्दर्शक माझ्याकडे आले.

“बाई, सांभाळून घ्या.”

मी म्हटलं, “घेते. प्रत्येक पत्रकात माझ्या नावाची छापील पट्टी लागेल. नसेल तर मी प्रेक्षकांत बसेन.”

“अहो, लोक चेहरा बघतात. कागद कोण बघतो?”

“मग जाहिराती कशाला घेता?”

ते म्हणाले, “छापून आणा तुम्हीच. आणि तिच्या नावावर चिकटवून टाका, म्हणजे तुमचा हट्ट पुरा होईल.” मला ते पटलं. का नाही पटणार? जी उभीच राहणार नाही तिचं नाव कशाला हवं?

प्रेसवाले लग्नपत्रिकांच्या गर्दीत होते, हातच लावू देईनात. मी कचेरीतून अर्धी रजा टाकली आणि त्यांच्या बाकड्यावर जाऊन बसले. उठायचंच नाही असं ठरवून बसलेल्या बाईला फार वेळ बसवून ठेवणं कुणाला परवडत नाही. शेवटी त्यांनी लग्नपत्रिकांच्या गुलाबी कागदाचे कापून उरलेले तुकडे काढले आणि माझ्या पट्ट्या मशीनवर चढवल्या.

तेवढ्यात ती मुलगी वडिलांबरोबर आत आली, स्वतःच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला. वडील मालकाशी बोलायला लागले. ती माझ्याशेजारी टेकली आणि पट्टीकडे बघत राहिली.

“ताई, ही कुठे लावणार?”

मी सांगितलं.

ती हळूच म्हणाली, “माझ्या नावावर नका ना लावू. आडनाव तर जाणारच. पण सासऱ्यांनी माझं पाळण्यातलं नावही बदलायचं ठरवलंय, तांदळात लिहायचं नाव कळवलंयसुद्धा. तालमी तर मीच केल्या ना दोन महिने? हे पत्रक मी पेटीच्या तळाशी घालून नेणार आहे.”

माझं नाव यावं म्हणून मी भांडत होते, आणि ते यायला हिचं पुसावं लागत होतं. वाईट वाटलं, आणि पुन्हा राग आला, पण ह्या वेळी तो तिच्यावर नव्हता. पट्टी नुसती आत घालावी तर ती गळणार. सरांचा लिफाफा मी पाहिला होता. मी तिला म्हटलं, “तुझ्या नावाला हात लागणार नाही. आणि माझी पट्टीही सुटणार नाही. बघते मी.”

घरी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. पत्रकाचं कलावंतांच्या नावांचं पान उघडलं. पहिलं नाव नायिकेचं. त्याला लागूनच खाली, सगळ्यांची नजर पडावी म्हणून दिग्दर्शकांनी खास विकलेली जागा, चौकटीतली जाहिरात. कांद्याचे प्रसिद्ध आडतदार, सटाणा. पट्टी त्या चौकटीवर अशी बसली की जणू मापानेच कापली होती. वर तिचं नाव, खाली माझं. आई आणि मी सगळी पत्रकं चिकटवली, वडिलांनी ती उन्हात वाळत घातली. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

प्रयोगाच्या दिवशी दिग्दर्शकांनी पत्रक उघडलं आणि ते लाल झाले. पण गठ्ठा तोवर दारात वाटला जात होता आणि नायिका मी होते, त्यामुळे त्यांना ओरडता येईना. पहिली घंटा झाली. मी रंगवलेल्या तोंडाने विंगेत उभी होते. पहिल्या रांगेतले पाहुणे, म्हणजे आडतदार स्वतः, धोतर सावरत थेट विंगेत आले. हातात पत्रक, तोंडी अहिराणी, आणि बोट आपल्या जाहिरातीच्या जागेवर.

“बाई, मनी जाहिरात कोठे शे?”

“आहे की. पट्टीखाली.”

“आन् ही पट्टी कशाला?”

“या नावाच्या मुलीने ही भूमिका बसवली, मी ती आज करतेय. दोघींची नावं एका पानावर राहावीत म्हणून.”

त्यांनी वरचं नाव वाचलं. मग मला समजावायच्या सुरात म्हणाले, “पण लगीन झालं म्हणजे ते नाव कोठे राहणार शे?”

“म्हणून तर ते इथे ठेवलं, आणि खळ घट्ट केली,” मी म्हटलं.

त्यांनी खरंच पट्टीला नख लावून पाहिलं. ती निघाली नाही.