सुतकातलं पान

आई गेली त्या आठवड्यात तिचा आवाजही गेला, आणि तो आमच्या भाऊबंदांनी घालवला. आता मी हे शांतपणे सांगतोय. तेव्हा माझं डोकं फिरलं होतं.

आई अहिराणीत गाणी म्हणायची, कानबाई देवीची, हळदीची, आणि बोलायचीही भरपूर. मी धुळ्याला नोकरीवर होतो. सुट्टीला जळगावला आलो की मोबाईलवर तिला रेकॉर्ड करायचो आणि त्याची पानं बनवायचो. एका पानावर गाणं. गाण्यात नैवेद्याच्या रोटांचा उल्लेख आला की तिथे बोट ठेवायचं, रोट कसे करायचे ते तिच्याच आवाजात सांगणारं पान उघडायचं. तिथून ज्वारीच्या बिबड्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या पापडांचं. ही पानं मी कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवली नाहीत. कंपन्यांचा मला मनापासून राग आहे. आज फुकट देतात, उद्या गाशा गुंडाळतात. पानं ठेवली आपल्याच माणसांच्या कॉम्प्युटरवर. यातली लिंक पान कुठे आहे ते सांगतच नाही, कोणतं पान हवं तेवढं सांगते. ज्याच्याकडे प्रत असेल आणि ज्याचा कॉम्प्युटर चालू असेल, त्याच्याकडून ते येतं. एक बंद पडला तर दुसरा आहेच.

आपली माणसं म्हणजे चुलतभाऊ. एकाचं पाचोऱ्याला खतांचं दुकान, एकाचं चाळीसगावला झेरॉक्सचं, बाकीचे जळगावातच. घरच्या बाईचा आवाज परक्याच्या घरी कशाला, असं नाना म्हणाले होते. नाना म्हणजे माझे काका, आणि त्यांच्या शब्दापुढे आमच्यात कुणी जात नाही. मध्ये माझा स्वतःचा लॅपटॉप जळाला, मोबाईलवरचं तर मी केव्हाच पुसलं होतं, तरी मी निर्धास्त होतो. इतक्या प्रती असताना काळजी कसली?

आई गेली आणि नानांनी सांगितलं, दहाव्यापर्यंत कुणाचं शटर वर जाणार नाही. सुतक सगळ्यांनाच. पाचोरा, चाळीसगाव, जळगाव, सगळीकडे एकाच दुपारी मेन स्विच खाली झाले.

धाकटी बहीण मस्कतला. दिवस भरत आलेले, तिला विमानात बसू देईनात. आईचं शेवटचं तोंड तिने व्हिडिओ कॉलवर पाहिलं, तेही मधेच अडकलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "दादा, आईचं पान उघडत नाहीये." तिच्या फोनवर पान नुसतं ऐकता यायचं, साठत नव्हतं. आईचा आवाज म्हणून तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

मी नानांकडे गेलो. "नाना, कॉम्प्युटरला कसलं आलंय सुतक? एक तरी चालू करू द्या."

"लोक काय म्हनतीन? दहावा व्हऊ दे, मंग उघाडजो बठ्ठं." म्हणजे सगळं उघड, पण दहाव्यानंतर. त्यांचे डोळे सुजलेले होते. तरी मी नको ते बोललो. भाऊ खाली मान घालून बसले, एकही उठला नाही. इतकी माणसं आणि सगळ्यांचं सुतक एकच, हे मला आधी सुचायला काय झालं होतं कोण जाणे.

त्यानंतरच्या संध्याकाळी बहिणीचा मेसेज आला, "पान उघडलं."

कुणीतरी भाऊ गुपचूप दुकानात गेला असणार म्हणून मी एकेकाला विचारलं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मग शेजारचा लॅपटॉप मागून बघितलं. एकच कॉम्प्युटर चालू होता, नाव 'रावेर पॅकिंग'. रावेरच्या एका मुसलमान केळी व्यापाऱ्याचा. त्याच्या बायकोने कधीतरी, कुणाकडून तरी लिंक मिळून, बिबड्यांसाठी आमचं पान तिथे उघडलं होतं, आणि कॉम्प्युटरवर पान उघडलं की त्याची एक प्रत तिथेच राहते. नंतर ती आणि आई फोनवर तासन्‌तास बोलायच्या. आईच्या मोबाईलमधून नंबर काढून मी फोन लावला.

"भाऊ, आज सकाळी अक्कांना फोन लावला तर तुमच्याकडच्यांनी सांगितलं," ती म्हणाली. "माल भरून झाला की आमच्याकडे कॉम्प्युटर बंद करतात. मी यांना म्हटलं, आता नका करू, अक्कांचं पान चालू राहू दे. तुमच्यात सुतकाच्या घरी चूल पेटत नाही ना? जेवण बाहेरूनच जातं."

आमच्या ओट्यावर तेव्हा शेजाऱ्यांचे डबे येऊन पडले होते. मी नुसतं "हो ताई" म्हणालो आणि फोन ठेवला.

मग बहिणीला विचारलं, कानबाईचं ऐकलंस का?

"नाही, बिबड्यांचं, तेवढंच उघडतंय. शेवटी ती तुझ्यावर चिडते बघ. 'पुरं कर ते आते, जेवाले ये, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी.' तेवढंच परत परत लावतेय."

आई गेल्यापासून मी रडलो नव्हतो, तेव्हा रडलो. तो शेवटचा तुकडा मी कापून टाकणार होतो. कंटाळा केला म्हणून राहिला.