कोपऱ्यातले सोळा

जे आज लिहितो आहे ते पंचवीस वर्षे मी कोणालाही सांगितले नव्हते — पत्नीलाही नाही. मी खोटे बोललो होतो. एका नऊ वर्षांच्या मुलीशी. आणि ती मुलगी माझीच होती. एवढे लिहायला मला अर्धी सकाळ लागली. पुढचे सोपे जाईल असे वाटत नाही.

आधी थोडे माझ्याविषयी सांगायला हवे. ओझरच्या बाजूला एका कारखान्यात मी तपासनीस आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. यंत्रावरून उतरलेला भाग मापात बसला तर त्यावर आपल्या क्रमांकाचा शिक्का मारायचा, केसभर चुकला तर तांबडी चिठ्ठी बांधून बाजूला ठेवायचा — हे माझे काम. शिक्का ज्याचा, जबाबदारी त्याची. माझ्या शिक्क्याचा एकही भाग कधी परत आला नाही, याचा मला अभिमान होता. अभिमान म्हणू, की माज? आडगाव नाक्यावरून सुटणाऱ्या बसमध्ये सहकारी चेष्टा करत, "भाऊसाहेब, घरी पोळीसुद्धा मापून खाता की काय?" मी नुसता हसत असे. ती चेष्टा मला आवडायची.

मुक्ता तेव्हा चौथीत होती. पाढ्यांचे तिला वेड; वेणी घालून घेतानाही ती एकोणिसाचा पाढा उलटा म्हणायची. म्हणून रविवारच्या पुरवणीत येणारे गुणाकाराचे जादूचे चौकोन मी तिच्या वहीत उतरवून देऊ लागलो. नऊ घरे, काही भरलेली, काही रिकामी. आडवे, उभे, तिरपे — कोणतेही तीन आकडे गुणले तरी उत्तर एकच यायला हवे. ती जेवणाच्या टेबलाशी बसे, खोडरबराचा चुरा फुंकून माझ्या बाजूला उडवी आणि मान वर न करता बजावी, "बाबा, मदत करायची नाही हां." माझ्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या संध्याकाळी कोणत्या, असे कोणी विचारले तर मी याच सांगेन. आणि त्या मीच संपवल्या.

एका चौकोनाच्या वरच्या ओळीत दोन, नऊ आणि बारा होते. गुणाकार दोनशे सोळा. उजव्या बाजूच्या उभ्या ओळीत वर ते बारा, मधले घर रिकामे, आणि खाली कोपऱ्यात अठरा. उतरवताना मी तिथे सोळा लिहिले. डोक्यात दोनशे सोळा घोळत होते म्हणून असेल. पण कशामुळे लिहिले, याला आता काय अर्थ आहे? लिहिले, आणि पुन्हा पडताळून पाहिले नाही. ज्या माणसाने कारखान्यात कोणताही भाग दोनदा मोजल्याशिवाय सोडला नाही, त्याने.

दोन संध्याकाळी ती त्या चौकोनाशी झगडली. खोडून खोडून कागदाला भोक पडले. मग ती वही घेऊन माझ्याजवळ आली.

"बाबा, बारा गुणिले सोळा एकशे ब्याण्णव. त्याला कितीनंही गुणलं तरी दोनशे सोळा येत नाहीत. हा चौकोनच चुकलाय."

वहीत डोकवायला किती वेळ लागला असता? मी वर्तमानपत्रसुद्धा खाली घेतले नाही. म्हणालो, "चौकोन चुकत नसतो, मुक्ता. आपण चुकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कारखान्याच्या बसमध्ये, खिशातले पुरवणीचे कात्रण काढून पाहिले — आणि अठरा दिसले. मला प्रथम काय वाटले? तिची कणव? नाही. भीती वाटली. मी चुकतो, हे तिला कळेल याची. ओझर येईपर्यंत मी ते कात्रण घडी करून मुठीत धरले होते, आणि बसमधून उतरताना माझे ठरले होते.

संध्याकाळी ती अंगणात खेळत असताना मी वहीतले ते फाटके पान काढून टाकले. नव्या पानावर चौकोन पुन्हा आखला. कोपऱ्यात अठरा लिहिले. तिला हाक मारली, शेजारी बसवले आणि दोन मिनिटांत सगळी घरे भरून दाखवली. ती बराच वेळ त्या कोपऱ्यावर बोट ठेवून बसली.

"इथं सोळा होते ना?"

"अठराच होते. तू नीट पाहिलं नाहीस."

हे ते खोटे. चार-सहा शब्दांचे. ती रडली असती, भांडली असती, तर कदाचित — पण नाही. हे 'कदाचित' मला लिहिण्याचा अधिकार नाही. ती भांडली नाही. तिने मान डोलावली. माझ्यावर तिचा विश्वास होता, म्हणून तिने स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला.

त्यानंतर चौकोन बंद झाले. "नको बाबा, मला नाही जमत ते." दहावीनंतर तिने गणित सोडले. आज ती एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, सुखात आहे. तिचे आयुष्य मी बिघडवले असे म्हणणे हाही अहंकारच ठरेल. पण ती दाराचे कुलूप तीनदा ओढून पाहते. औषधाच्या बाटलीवरची तारीख नवऱ्याला पुन्हा वाचायला लावते. "मी नीट पाहिलं ना?" असे सहज विचारते, आणि घरचे हसतात. मीही हसत आलो आहे. त्या हसण्याबद्दल काय म्हणावे?

गेल्या रविवारी ती रेवाला, तिच्या मुलीला, घेऊन आमच्याकडे हिरावाडीत आली होती. रेवाही आता चौथीत आहे. शाळेतून मिळालेला तसाच एक चौकोन घेऊन ती त्याच टेबलाशी बसली होती. मुक्ता समोर मेथी निवडत होती.

"आजोबा, हे कोडंच चुकलंय," रेवा म्हणाली.

मुक्ताने मेथीतून मान वर केली नाही. हसून, लेकीला समजावावे तशी म्हणाली, "चौकोन चुकत नसतो, बाळा. आपण चुकतो."

माझेच वाक्य, माझ्याच सुरात. मी चष्मा शोधण्याच्या निमित्ताने उठलो, आणि चष्मा डोळ्यांवरच आहे हे लक्षात येऊन परत बसलो.

"थांब रेवा," मी म्हणालो. "आधी चौकोन तपासू."

तपासला. चौकोन बरोबर होता. रेवाचाच एक गुणाकार हुकला होता. तिने जीभ चावली आणि खोडरबर उचलले. मी तिथेच थांबू शकलो असतो. पंचवीस वर्षे तेच तर करत आलो होतो.

मग मी सगळे सांगितले — कात्रण, बस, फाडलेले पान. मुक्ताच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"म्हणजे आजोबा, तुम्ही आईशी खोटं बोललात?" रेवाने विचारले.

"हो," मी म्हणालो. आणि मुक्ताकडे पाहून, तोंडाने, मोठ्याने म्हणालो, "तिथं सोळाच होते, मुक्ता. मी चुकीचे लिहिलेले. तू नीट पाहिलं होतंस. माझं चुकलं."