मेंढ्या बसतील एवढी जागा

मेंढ्यांचा कळप दिसण्याआधी त्याचा वास येतो. तापलेल्या लोकरीचा, धुळीचा, दुधाचा तो उग्र आणि उबदार वास उतरत्या उन्हातून गारखेड्यातल्या आमच्या सोसायटीत शिरला, की लोक खिडक्या लावून घेत. मी माझी उघडी ठेवत असे. दुष्काळाच्या त्या वर्षांत शहरात रोज नवे काही उगवत होते, नव्या इमारती, नव्या कमानी, नवे फलक. पण जिवंत प्राण्यांचा वास म्हणावा असा एवढाच उरला होता.

वृत्तपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांच्या बातम्या नीट करणे हे माझे काम. सकाळी मात्र मी परदेशातल्या एका विद्यापीठाची विद्यार्थिनी होते. उद्याने, मनोरंजन आणि पर्यटन व्यवस्थापन, या विषयातली ऑनलाइन पदव्युत्तर पदवी. लेण्यांच्या या शहरात तिच्या जोरावर काही वेगळे काम मिळेल, एवढाच हिशेब होता. पडद्यावर प्राध्यापिका सरोवराकाठच्या गर्दीचे नियमन समजावून सांगत आणि खाली टँकरच्या नळीवरून दोन शेजारणी एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचत. मी आवाज वाढवत असे. मग घागर घेऊन स्वतःच खाली जात असे.

शेवटच्या सत्रात आपल्या परिसरातल्या एका जागेचा आराखडा करायचा होता. मी घरामागचे मैदान निवडले. शहराच्या नकाशात ते उद्यानासाठी राखलेले. प्रत्यक्षात तिथे काही जुने कडुनिंब, एक बोअर आणि सिमेंटचा हौद. पाऊस दगा देई त्या वर्षी सखूबाई या धनगर बाईंचे कुटुंब मेंढ्या घेऊन याच वाटेने पैठणकडे जात असे. धरणाचे पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या गाळावर गवत फुटते; त्या गवतासाठी ही पायपीट. मैदानात त्यांचा मुक्काम पडे. घोड्यावरचे बिऱ्हाड उतरे, कळप हौदावर पाणी पिई आणि निंबाखाली बसे. ही वाट आमच्या सोसायटीहून जुनी होती. हा मुक्काम चुकला तर पुढचे पाणी फार लांब. गाभण मेंढ्या तेवढे चालल्या तर गाभ टाकतात.

माझ्या आराखड्यात हिरवळ नव्हती. निंब होते, सावलीतले कट्टे होते, आणि टंचाईच्या उन्हाळ्यात कळपाच्या मुक्कामाची सोय होती.

हा आराखडा ऐकायला सोसायटीची मंडळी मैदानातच जमली. योगायोगाने कळपही तिथेच होता. सोसायटीचे सचिव जाधवसर, निवृत्त शिक्षक, नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मॅडम, तुम्ही बाग शिकताय का गोठा?" सगळे हसले.

सखूबाई हौदाजवळून त्यांच्याकडे निरखून बघत होत्या. "सर, तुमी पैठणकडचे ना? मळ्यातल्या जाधवांचे?"

"हो. का?"

"तुमच्या रानात लई बसवल्यात मेंढ्या आमी. तुमचे वडील गावाच्या शिवंवर येऊन आमाला अडवायचे. पयलं माज्या रानात बसा, मंग म्होरं जा, म्हनायचे. तुमची माय टोपलंभर भाकरी धाडायची."

ते खरे होते. आमच्याकडे मेंढ्या शेतात बसवणे हा मानाचा व्यवहार. कळपाच्या लेंडीखताने रान पुढची दोन पिके हसत देते आणि शेतकरी त्याबदल्यात धान्य घालतो.

"ते गाव होतं," जाधवसर म्हणाले. "हे शहर आहे. इथं घाण चालत नाही."

"व्हय का?" सखूबाईंनी कळपाकडे वळून हाळी दिली. "आगं ए, शहर लागलं! आता पैठणपातुर आवरून धरा गं!"

या वेळी कुणी हसले नाही.

आराखड्यावर प्राध्यापिकेचा शेरा आला: पशुधन आणि पर्यटक यांच्यात संघर्ष संभवतो, पशुधन वगळावे. मी तो शेरा अनेकदा वाचला. बातमीतले चुकीचे वाक्य खोडावे तसे मला ते पडद्यावरून खोडायचे होते. कुणाच्या मनोरंजनासाठी कुणाला वगळायचे, हे दूर देशातल्या एका तक्त्यात आधीच ठरून गेले होते. मी कळप वगळला नाही. उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळाले.

पदवी ईमेलने आली. जाधवसरांनी ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, फुलांच्या चित्रांचा पाऊस पडला आणि मला मैदानावर होणाऱ्या उद्यानाची सल्लागार केले. आराखडा कुणी विचारला नाही. कुंपण झाले, फाटक झाले, परगावाहून गुंडाळ्यांत आलेली हिरवळ चटईसारखी अंथरली गेली. बोअरचे पाणी तिला; आम्ही टँकरखाली. जिन्यावरून घागरी चढवताना धापा टाकणाऱ्या बायकाही गप्प होत्या, कारण हिरवळीने फ्लॅटचे भाव वाढतात असे त्यांना सांगितले होते. हिरवळीवर पाय ठेवायला मनाई होती. देखरेखीसाठी फाटकाची एक किल्ली माझ्याकडे होती.

पुढच्या दुष्काळात कळप आला तेव्हा ऊन निंबांच्या शेंड्यांवर गेले होते. सखूबाई फाटकासमोर थांबल्या. कुलूप हातात घेऊन पाहिले, सोडले. "ताई, आत नको. नुसतं पानी दावा. दोघी-तिघी गाभण, आज-उद्याच्या हायत."

मी फाटक उघडले. आत मेंढ्या एका लाटेसारख्या पसरल्या आणि मग फक्त खुडण्याचा आवाज राहिला, बारीक, एकसारखा, दूरवर पाऊस पडत असावा तसा.

जाधवसर चपला ओढत आले. "मॅडम! डिग्री आहे तुमच्याकडे!"

"म्हणूनच उघडलं."

ते आणखी बरेच बोलले. बोलता बोलताच त्यांनी झेंडूच्या वाफ्यात शिरलेले एक कोकरू दोन्ही हातांनी अलगद उचलून आईच्या पुढ्यात सोडले. रानात वाढलेल्या माणसाचे ते सराईत हात होते. मग त्यांनी ते हात सदऱ्याला पुसले. माझा राग तेव्हा सर्वांत जास्त पेटला. जे ठाऊक नाही त्याची घृणा एक वेळ समजते.

सकाळी कळप पैठणच्या रस्त्याला लागला. दुपारी कुलूप बदलले.

आता सुटीच्या दिवशी मी स्कूटर घेऊन पैठण रस्त्याच्या नव्या वसाहतींमधून हिंडते. कुंपण न पडलेली जागा दिसली की थांबते. सावली किती, पाणी कुठे, सांजेला कळप बसेल का, हे पाहते. पदवीने शिकवलेले सगळे इथे उपयोगी पडते, फक्त कुणी नेमलेले नाही. परवा अशाच एका माळावर ऊन कलले असताना मोटारसायकलवरून एक गृहस्थ जवळ आले.

"प्लॉट बघताय का, ताई?"

"हो," मी म्हटले.

"मग लवकर करा. पुढच्या वर्षी इथं काही उरणार नाही."