खोली दोघांची, माणसं अकरा

मंडळी, आपल्या आई-बाबांना एकमेकांसोबत दोन दिवस घालवायला एवढा संकोच का वाटतो? मला खरंच माहीत नाही.

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. नोकरी लागल्यावर दोघांसाठी नागावला, समुद्राजवळ खोली बुक केली. लग्नाला तीस वर्षं झाली, पण दोघंच असे कधी कुठे गेलेले नाहीत. प्रत्येक फोटोत मध्ये कुणीतरी आहेच.

उद्या सकाळी निघायचं. आज दुपारी मानपाड्याला घरी आले, तर बाबा फोनवर सतरा सीटर गाडी ठरवत होते. आईने आत्या, काका-काकू, त्यांची मुलं-सुना, सगळ्यांना बोलावून ठेवलेलं. एकूण अकरा जण!

"अगं आई, खोली दोघांची आहे!"

"मंग? खाली गाद्या टाकू. आत्याला सोडून गेलो तर पुढच्या हळदीत चारचौघांत बोलेल, 'म्हातारपणी हनिमूनला गेलेली!'"

बाबा पेपरात तोंड घालून म्हणाले, "आणि आम्ही दोघंच तिथे बोलणार काय?"

मला आधी राग आला, मग वाईट वाटलं. तीस वर्षं दोघं फक्त आमच्याबद्दलच बोलत आलेत.

गच्चीवर जाऊन मी आत्याला फोन लावला. "आत्या, या वेळी फक्त आई-बाबा जाणार."

"बरा झाला गो बाय! माझं गुडघं दुखतान. तुझी आई मागं लागली म्हणून हो बोल्ले."

मग काकांनाही सांगितलं आणि गाडी रद्द करून टाकली.

खाली आई अजून अकरा जणांच्या भाकऱ्यांचं पीठ चाळतेय.