आज वॉर्ड शांत आहे

नर्सिंगमध्ये पीएचडी करणाऱ्यांना विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवाल का, असं विचारलं गेलं तेव्हा मी होकार देऊन बसले आणि मग घाबरले. माझी नोकरी कला शाखेच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवण्यात गेलेली. इथे समोर बसणार त्या वर्षानुवर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बायका.

एका शनिवारी मी सांगत होते, की जे विधान चूक ठरूच शकत नाही ते विज्ञानाचं नव्हे. कामठीहून येणाऱ्या, वर्गात सगळ्यांत मोठ्या सिस्टर म्हणाल्या, की ड्युटीवर ‘आज वॉर्ड शांत आहे’ असं कधी बोलू नये. बोललं की पेशंटची रीघ लागते. मला वाटलं, गंमत करतायत. पण सगळ्याच माना डोलवत होत्या. लिंबू-मिरचीला हसणाऱ्या या बायका ते वाक्य वर्गातसुद्धा दबक्या आवाजात म्हणत होत्या.

मग तपासून पाहा, मी म्हटलं. कोणी तयार होईना. याला एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही, असं एकीने अगदी गंभीरपणे सांगितलं. शेवटी कामठीच्या सिस्टरच कबूल झाल्या.

पुढच्या शनिवारी त्या आल्या त्याच हसत. दुपारच्या ड्युटीत त्यांनी ते वाक्य मोठ्याने म्हटलं होतं. सोबतच्या सिस्टरने कपाळाला हात लावला. पण झालं काहीच नाही. उलट त्या दिवशी चहा गरम प्यायला मिळाला.

प्रश्न मिटला असं मला वाटलं. तेवढ्यात मागून आवाज आला, “तुम्ही परीक्षा म्हणून म्हटलं नं. मनापासून म्हणा लागते.” दुसरीचं म्हणणं, दुपारी बोललेलं लागू होत नाही.

कामठीच्या सिस्टर मागे वळल्या. “अवं, असं करत गेलो तं हे कधीच चूक नाही ठरणार. मॅडम तेच तं सांगून राहिल्या.”

वर्ग हसत सुटला. मी नोट्सची फाइल मिटून ठेवली.

हसणं ओसरल्यावर खिडकीजवळची एक मुलगी हळूच म्हणाली, की तिच्या प्रबंधातही हेच झालंय. भजन ऐकून ऑपरेशनआधीची भीती कमी होते, हे तिला दाखवायचं होतं. ज्यांची कमी झाली नाही, त्यांनी नीट ऐकलं नसेल, असं तिने आधीच लिहून ठेवलं होतं. ते वाक्य तिने तिथेच काढून टाकलं. नंतर गाइड थोडे कुरकुरले म्हणे, पण ती मात्र फार खुशीत होती.