पहिला जिना कोण रिकामा करणार

इस्त्रीवाल्या काकूंना त्या इमारतीत कोणी नावाने हाक मारत नसे. पहिल्या जिन्याखालच्या कोनाड्यात त्यांचं इस्त्रीचं टेबल होतं, आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत, खिडकीशी लावलेल्या पलंगावर, त्यांचा नवरा पडून असे. त्याचं उभं आयुष्य कारखान्यात लेथवर गेलं होतं. कारखाना बंद पडला, मग त्याला छातीच्या दुखण्याने धरलं, आणि हळूहळू सगळी वस्तीच खचत गेली. मालक भाडं घ्यायलाही फिरकेना. छप्पर गळे, जिन्याचा कठडा हातात येई. ज्यांना जमलं ते निघून गेले. जायला जागा नव्हती ते उरले.

दुरुस्तीसाठी बँकांचे उंबरे झिजवून झाले होते. पडक्या वस्तीतल्या एकट्यादुकट्याला कर्ज कोण देणार? शेवटी नगरपालिकेने योजना आणली. नगरपालिका, दोन बँका आणि एक धर्मादाय संस्था यांनी आपापला पैसा एका निधीत घालायचा, रहिवाशांनी ऐपतीप्रमाणे भर टाकायची. त्यातून इमारत विकत घेऊन दुरुस्त करायची आणि परवडेल अशा भाड्याने त्याच लोकांना द्यायची. निधीचं काम पाहणाऱ्या बाई अंगणातल्या बैठकीत म्हणाल्या, "काही बुडालंच, तर सगळ्यांचं थोडं थोडं बुडेल. एकाच्याच गळ्याशी येणार नाही. म्हणून तर बँका तयार झाल्या."

"म्हणजे भिशीच की," नळवाला म्हणाला. तो दुसऱ्या जिन्यात राहत असे आणि त्याची जीभ त्याच्या पान्यापेक्षा जोरात फिरे. "फक्त साहेब लोकांची."

लोक हसले, पण घोडं पुढेच अडलं. काम एकेका जिन्याने व्हायचं होतं, आणि काम पुरं होईपर्यंत त्या जिन्यातल्या घरांनी बाहेर राहायचं. शेजारच्या गल्लीतली माणसं अशीच, परत घरं मिळतील या कुणा एकाच्या शब्दावर, बाहेर पडली होती. तिथे आता गोदाम होतं. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पिणार. त्यात पहिल्या जिन्याचं छप्पर सगळ्यांत वाईट, म्हणून सुरुवात तिथूनच. उन्हाळ्याच्या आत काम सुरू झालं नाही, तर पैसा दुसऱ्या वस्तीकडे वळणार होता.

"काकू निघाल्या तर आम्ही निघू," पहिल्या जिन्यातले सगळे म्हणू लागले.

काकू कशा निघणार? डॉक्टरांनी नवऱ्याला हलवू नका म्हणून बजावलं होतं. आणि तो स्वतः कधीपासून म्हणत असे, "मला या खोलीतून न्यायचं ते एकदाच."

त्या संध्याकाळी त्याने विचारलं, "बैठकीत काय झालं?"

"नळवाल्याची बडबड."

"ती ऐकली. तिच्यासाठी बैठकीला जावं लागत नाही. पण मघापासून जो येतो तो माझ्याकडे बघतो आणि गप्प बसतो. ते का?"

काकू शर्टाच्या घड्या घालत राहिल्या. मग सगळं सांगितलं.

"मग निघू या," तो म्हणाला.

"अहो, डॉक्टर नको म्हणालेत."

"डॉक्टरांनी हे छप्पर पाहिलंय का?"

"निघालात तर परत याल की नाही, मला माहीत नाही."

"मलाही नाही. पण तू येशील. खालच्यांची पोरं येतील." धाप लागली म्हणून तो थांबला. "पैसे एकत्र केलेत ना? मग खोल्याही करा. दुसऱ्या जिन्याने एकेक खोली आपल्याला द्यायची, आपलं झालं की आपण त्यांना. कुणी वस्तीबाहेर जायचंच नाही. त्या नळवाल्याला म्हणावं, भिशी म्हणालास ना, काढ पहिला हप्ता."

नळवाल्याने तोंड वाकडं केलं, पण आपली पुढची खोली मोकळी केली. काकांना खुर्चीत बसवून जिना उतरवला तेव्हा खुर्चीचा पुढचा पाय त्यानेच धरला होता. रोज दुपारी काकू काम पाहून येत आणि नवऱ्याला जसंच्या तसं सांगत: छप्पर उतरवलं, तुळई बदलली, भिंत ओली आहे. भिंत ओलीच होती तेव्हा तो गेला, लोकांच्या खोलीत.

दुसरा जिना मग कचरला. "पहिल्याच घरातला माणूस परतला नाही," बायका कुजबुजत. तोंडावर कोणी बोलेना, पण सामान बांधायलाही कोणी घेईना. सासरहून आलेली लेक म्हणाली, "आई, आता माझ्याकडे चल. तिथे एकटी काय करशील?" काकूंना ते पटत होतं. ती खोली बघायची त्यांची इच्छा नव्हती. पण आपण गेलो तर दुसरा जिना हलणार नाही आणि उरलेला पैसा परत जाईल, हे निधीच्या बाईंनी सांगायची गरज नव्हती.

जिन्याचं काम पुरं झालं त्या सकाळी त्या एकट्याच वर गेल्या. खोलीला नव्या गिलाव्याचा वास होता. खिडकी जागच्या जागी होती आणि खाली, पलंगाएवढी, मोकळी फरशी. त्यांनी ती झाडून काढली. मग खाली आल्या आणि नळवाल्याचं दार वाजवलं.

"पुढची खोली झाडून ठेवलीय. सामान आणा."

"काकू, तुमचं तिथे..." नळवाला म्हणाला. "आम्ही आतल्या खोलीत राहू. पुढे काकांची जागा."

"आतल्या खोलीत मी झोपणार. तुमचा पलंग खिडकीशी लावा."

"लोक काय म्हणतील, काकू?"

"म्हणू देत. आधी पलंग वर न्या, म्हणजे त्यांना दिसेल तरी."

नळवाला आणि त्याचा भाऊ पलंग घेऊन अंगणातून निघाले. पहिल्या जिन्याच्या वळणावर तो अडला. काकूंनी पलंगाचा एक पाय उचलून धरला आणि नळवाल्याला तो तिरका करायला सांगितलं. दुसऱ्या जिन्याच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांतली एक आत गेली आणि बांधायला फळीवरची भांडी उतरवू लागली.